पोपटाच्या चोचीतला कोंब

दुपारी दोनच्या सुमाराला, पनवेलच्या कृष्णाळे तलावाजवळची ती सगळी आळी जेवून पेंगत असताना, प्रभाकर मागच्या दारानं चोरासारखा आत आला, शर्टाच्या आत खुपसलेली वर्तमानपत्राची एक पुडी त्यानं बाहेर काढली आणि शिलाईच्या मशीनवर ठेवली... आणि प्रमिलाचे पाय मशीनच्या पायपट्टीवर जागच्या जागी थिजले!

अकरा वर्षांपूर्वी हाच माणूस, ह्याच दारानं, अशीच एक पुडी शर्टात लपवून आला होता. त्या पुडीनं एका घराची दोन घरं केली होती.

"भाओजी, आता ह्यात काय आणलंत?"

"ब्लाउज आहे, वहिनी. रमाचा... अंगावरून काढलेला, न धुतलेला."

"रमाचा? आणि माझ्याकडे?" पुडीत विंचू असावा तसा प्रमिलानं हात मागे घेतला. "ऊन लागलं का तुम्हाला? तिला कळलं तर आधी तुम्हाला तलावात ढकलेल आणि मग तळं घाण केलं म्हणून मला शिव्या घालेल!"

प्रभाकर हसला नाही. एरवी तहसील कचेरीतल्या साहेबांच्या शिळ्या विनोदालाही न चुकता हसणारा तिचा हा धाकटा दीर स्टुलावर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखा रडायला लागला.

"तिनं राजीनामा लिहिलाय, वहिनी. शाळा उघडली की देणार आहे. म्हणते, चाळीस मुली माझ्याकडे बघत असतील, त्यातली एक तरी नको तिथेच बघेल. आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय. मला जवळ येऊ देत नाही... ती वाचली हो, पण घरात जिवंत माणूस नाही!"

प्रमिलाच्या अंतःकरणात काहीतरी उसवत गेलं, एकेक टाका करून.

एकाच कौलाखाली दोन बिऱ्हाडं होती ती. ह्या बाजूला प्रमिला आणि तिचा नवरा कृष्णकांत, त्या बाजूला प्रभाकर आणि रमा. मध्ये एक दार, आणि त्या दाराला रमाच्या बाजूनं कडी. अकरा वर्षांत त्या दाराच्या फटीतून इकडून तिकडे गेलं ते फोडणीचा वास, मुंग्यांची रांग आणि कृष्णकांतचा आवाज. कृष्णकांत एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारायचा, आणि आवाज असा, की तो घरात 'चहा टाक' म्हणाला तर तलावावरचे बगळे उडत, आणि चार घरं सोडून पलीकडच्या बाईनंही एकदोनदा चहा टाकला होता म्हणे! पण असल्या आवाजाचा माणूससुद्धा त्या बंद दारासमोर आला की कुजबुजत बोलायचा.

रमाच्या डाव्या स्तनात गाठ निघाली ती माघात. फाल्गुनात मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. पूर्वी अशा वेळी सगळंच काढून टाकत. पण तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ लहान आहे, ती आणि भोवतालचं थोडं काढू, बाकीचं वाचवू, मग किरणांचे शेक देऊ. तसंच केलं. सहा आठवडे रमा सकाळची एस.टी. धरून शेक घेऊन आली. रोज ती निघाली की प्रमिला फटीला कान लावून तिच्या चपलांचा आवाज ऐके, आणि त्या चपला परत येईपर्यंत घास तिच्या घशाखाली उतरत नसे. गाठ गेली. पण जिथून ती काढली तिथे, खाली बाहेरच्या अंगाला, एक खळगा राहिला, आणि शेक घेता घेता तो आणखीच आत ओढला गेला...

"मी विचारलं डॉक्टरीणबाईंना," प्रभाकर डोळे पुसत म्हणाला, "त्या खळग्यात काही भरता नाही का येत? त्या म्हणाल्या, परदेशात शोध चालू आहे. आत असं काहीतरी भरायचं की शरीराला ते परकं वाटू नये, हळूहळू त्यात आपलंच मांस धरावं आणि ते आपलंच होऊन जावं. पण अजून सगळं प्रयोगशाळेतच आहे, आपल्याकडे यायला वर्षं जातील. तोवर वरून काहीतरी लावा, म्हणाल्या. आणि दुकानात मिळतं ते अख्खं. ज्यांचं सगळं काढलंय त्यांच्यासाठी. एवढ्याशा खळग्याचं कुणी करत नाही. वहिनी, पनवेलात बाईच्या अंगाचं माप तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

"तिनं मला शपथ घातलीय, भाओजी."

"तिला सांगायचंच नाही!"

अकरा वर्षांपूर्वीही तो असंच म्हणाला होता.

तेव्हा रमाला सातवा महिना होता. रीत अशी, की मूल जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही शिवायचं नाही. आल्यावरही आधी जुन्या, मऊ लुगड्याची झबली. पण प्रभाकरला धीर कुठला! त्यानं मलमलीचा तुकडा आणला, शर्टात लपवून. "वहिनी, एक झबलं शिवा ना! कुणाला सांगायचंच नाही." स्वतःची कूस रिकामी राहिलेल्या प्रमिलानं त्या हातभर कापडात आपलं सगळं वात्सल्य ओतलं. छातीवर हिरव्या रेशमानं एक पोपट भरला, लाल चोचीचा, इतका हुबेहूब की खिडकीतली मांजर दोन दिवस त्याच्यावर टपून बसली होती! पण बायकांच्या घरात दडवलेली वस्तू कधी दडून राहिलीय? रमाला ते सापडलं. ती लाजली, हसली, तो पोपट तिनं गालाला लावला... आणि आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

दवाखान्यातून घरी आलेल्या, भान हरपलेल्या त्या आईनं सगळ्यांदेखत विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून शिवलंत ते?" प्रमिलानं दिराकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. आणि तेवढ्यात प्रमिलाच्या मनानं हिशेब केला, की हिचं मूल तर गेलंच. आता मी खरं बोलले तर हिचा नवराही गेला.

"माझ्याच मनानं शिवलं," ती म्हणाली.

"तुमच्या सुईनं माझं बाळ खाल्लं! आजपासून तुमच्या हातचा धागासुद्धा माझ्या अंगाला लागता कामा नये!"

आणि कडी लागली. त्यानंतर प्रमिलानं निम्म्या पनवेलचे ब्लाउज शिवले, पण तान्ह्या बाळाचं म्हणून काही शिवलं नाही. कुणी आणलंच तर म्हणायची, "बारीक काम डोळ्यांना झेपत नाही हो." आणि कधी घरात एकटी असली की सुईत दोरा ओवता ओवता थांबून त्या सुईलाच विचारायची... खरंच का गं?

"ठेवा तो ब्लाउज," ती आता म्हणाली. "आणि मागच्याच दारानं जा. नाक पुसून."

तो गेल्यावर तिनं ब्लाउज खिडकीच्या उजेडात धरला. दुसऱ्या कुणाला त्यात घामाचं कापड दिसलं असतं. प्रमिलाला त्यात रमा दिसली. छातीच्या डाव्या टक्सच्या शिवणीखाली तीन चुण्या, आत भरायला काही नाही म्हणून पडलेल्या. हुकांची पट्टी उजवीकडे सरकलेली. डावा खांदा उतरलेला, म्हणजे बाई खांदा पाडून, वाकून चालते आहे. आणि त्या तीन चुण्यांवर कापड झिजलेलं... पदर ओढून ओढून, बोटं फिरवून फिरवून! "अगं बाई! किती लपवतेस गं!" असं म्हणत प्रमिलानं तो ब्लाउज उराशी धरला आणि अकरा वर्षांचं साठलेलं रडू एका बैठकीत रडली. मग चष्मा पुसला आणि कागदावर आकार कापला, खाडीतल्या मोठ्या शिंपल्याएवढा. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला कडेनं विरत गेलेला.

आकार सापडला, पण त्यात भरायचं काय?

आधी कापूस भरला. 'मुंबईच्या दुकानातून आणलं' म्हणून प्रभाकरनं ते रमाला दिलं आणि दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी येऊन कुजबुजला, "काखेत चढतं, वहिनी." मग स्पंज भरला. "घाम येतो म्हणते. आणि दाबलं की फुस्स वाजतं." मग मोहरी. "सगळी खाली जाऊन बसते." शाळा उघडली होती, रमानं पंधरा दिवसांची रजा टाकली होती आणि राजीनामा कपाटात तसाच होता. हाती लागलेले होते ते एवढेच पंधरा दिवस.

त्यातले बारा उलटले तेव्हा आपटा गावची गुणाबाई भाजीची पाटी घेऊन दारावर आली. पायरीवर टेकली आणि मशीनवरचा तो प्रकार तिनं उचलून दाबून पाहिला.

"ह्यो काय गं बाय? भावलीची उशी हाय का?"

प्रमिलानं इकडेतिकडे बघून तिला सगळं सांगितलं. गुणाबाईनं ते पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "मंग नाचनी भर की! बारीक, गोल, टोचायची नाय, घसरायची नाय, जशी बसवशील तशी बसंल. आमी पोरांच्या उशीत भरतो. माज्याकडं हाय डोंगरावरची, बियान्याला ठेवलेली. उंद्या आनते. पन भाजून भर हां! नायतर धुतलीस कंदी, तर त्या मास्तरीनबायच्या छातीवर श्यात उगवंल!" आणि ती इतकी हसली की पाटीतली एक काकडी घरंगळत गटारात गेली.

नाचणी आली, तांबूस, गुळगुळीत, मुठीत धरली तर मुठीचाच आकार घेणारी. स्टोव्हवर कढई तापली. प्रमिलानं कढईवर मूठ धरली... आणि मूठ उघडेना! भाजलेला दाणा म्हणजे मेलेला दाणा. बाईची ओटी भरतात ती अख्ख्या, जित्या दाण्यांनी; भाजक्या दाण्यांनी कुणी ओटी भरली आहे कधी? मरणाच्या दारातून माघारी आलेल्या माझ्या जावेच्या काळजाशी मी मेलेलं धान्य ठेवू? आधीच माझी सुई अशी... नाही, नाही! तिनं स्टोव्ह विझवला. धुवायची ती फक्त वरची खोळ, आतली पिशवी भिजवायची नाही, एवढं भाओजींना बजावून ठेवलं की झालं!

पण ती आतली पिशवी कशाची करायची? शेकांनी रमाची कातडी हुळहुळी झाली होती. बाजारातलं कुठलंच कापड पुरेसं मऊ लागेना. प्रमिलानं ट्रंक उघडली. तळाशी ते झबलं होतं. अकरा वर्षं, दर श्रावणात, घरात कुणी नसताना ती ते हातानं धुवायची, सावलीत वाळवायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. मलमल आता दुधावरच्या सायीसारखी झाली होती. कात्री उचलली... त्या न आलेल्या बाळाचं एवढंच तर उरलं होतं ह्या जगात, आणि तिच्या न झालेल्या आईपणाचंही! तरी तिनं कापलं. पोपट नेमका मधोमध आला. तो तिनं रमाच्या काळजाकडे तोंड करून बसवला, वरून साधी खोळ चढवली, आणि शेवटचा टाका घालताना सुईला हळूच म्हणाली, "ह्या वेळेला तरी गं..."

कृष्णकांतनंही आपला हातभार लावला. दुबईहून आलेल्या एका प्रवाशानं त्याला खजुराचा डबा दिला होता. "ह्यात घाल. वर अरबी लिहिलंय, परदेशी माल वाटेल."

रमानं डबा उघडून हुंगला. "ह्याला खजुराचा वास कसा येतो?"

"बोटीतून आलंय. शेजारी खजूर असतील," प्रभाकर म्हणाला. आयुष्यात त्याला वेळेवर सुचलेली ती पहिली थाप.

पण ते बसलं! ह्या बाजूला फटीशी उभ्या असलेल्या प्रमिलाला दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आरशावरचा टॉवेल ओढल्याचा आवाज. मग साडीच्या निऱ्यांची सळसळ. आणि मग रमाचा स्वर, जरासा कापरा, "अहो, बघा बरं. दोन्ही खांदे सारखे दिसतात का?" आणि त्यानंतर कागद टरकावल्याचा आवाज. राजीनामा! प्रमिला तोंडात पदर कोंबून भिंतीशी रडत होती, आणि ज्याच्या आवाजानं बगळे उडत तो कृष्णकांत बायकोच्या पाठीवर हात ठेवून, ओठ घट्ट मिटून नुसता उभा होता.

महिनाभर रमा ताठ खांद्यांनी शाळेत जात राहिली. फटीतून अधूनमधून तिचं गुणगुणणंही येऊ लागलं. मग श्रावण लागला. पनवेलचा श्रावण इतका दमट, की काडेपेटीतल्या काड्यांना बुरशी धरते, आणि एका वर्षी तर कुणाच्याशा लाकडी खुर्चीला पालवी फुटली होती म्हणतात! खोळ तेवढीच धुवायची हे सांगायला प्रभाकर पहिल्याच दिवशी विसरला होता. शनिवारी रमानं आपला परदेशी माल खोळीसकट साबणाच्या पाण्यात दोन तास भिजत घातला. रविवारभर तो दोरीवर लोंबत होता. सोमवारी वरून कोरडा लागला, तिनं तो लावला आणि ती शाळेत गेली.

श्रावणी सोमवारची शाळा लवकर सुटते. प्रमिला मशीनवर होती, कृष्णकांत जेवून आडवा झाला होता, आणि एकाएकी भिंतीपलीकडून असा हंबरडा आला की मशीनमधला दोराच तुटला.

"अहो! परत आली हो! गाठ परत आली!"

"काय बोलतेस! कुठे? दाखव..."

"हात लावू नका! मोठी आहे... टणक आहे... फळ्याकडून वळताना पदरावरूनच हाताला लागली, काढून बघायचा धीर नाही. तिथेच आहे, त्याच जागी! संपलं... सगळं संपलं! मला आता मुंबईला नेऊ नका, मला इथेच राहू द्या..."

प्रमिला मशीनवरून उठली. माझी सुई... पुन्हा माझीच सुई! आणि तेवढ्यात फटीतून तो वास आला. ओल्या फडक्यात बांधलेल्या नाचणीला मोड आले की येतो, तो आंबूस, गोडसर वास... प्रमिलाला सगळं एका क्षणात उमगलं!

गप्प राहिलं असतं तरी चालण्यासारखं होतं. प्रभाकरनं काहीतरी थाप मारून निभावलं असतं, रमाला कधी कळलंही नसतं. पण तोवर ती बिचारी दर श्वासाला एकदा मरणार होती! आणि सांगितलं, तर ते दार जन्मात उघडणार नव्हतं. जे एवढंसं आपल्या हातचं तिच्या काळजाशी पोचलं होतं तेही उकिरड्यावर जाणार होतं. प्रमिलानं दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"रमा! कडी काढ! ती गाठ नाही! ती माझी नाचणी आहे!"

"...काय?"

"नाचणी गं! आपट्याची! मीच भरली, मीच शिवलं, आणि मेलीनं भाजलीसुद्धा नाही! हवं तर मला जोड्यानं मार, पण आधी कडी काढ!"

कडी गंजून बसली होती. ती प्रभाकरला निघेना. शेवटी कृष्णकांतनं गाडी सुटताना देतो तसा आवाज दिला, "बाजूला व्हाऽऽ!" आणि खांदा लावला. अकरा वर्षांची कडी कोयंड्यासकट उखडून रमाच्या स्वयंपाकघरात जाऊन पडली.

रमा जमिनीवर बसली होती. केस सुटलेले, चेहरा पांढराफटक. प्रमिला तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "काढ बघू. मी तिकडे तोंड करते."

रमानं पाठ वळवून ते काढलं, खोळ ओढली... आत फुगून टम्म झालेली पिशवी, आणि मलमलीच्या विणीतून बाहेर आलेले पांढरे, केसांसारखे शेकडो मोड! मधोमध हिरवा पोपट. आणि कुणी विश्वास ठेवो न ठेवो, त्या पोपटाच्या नेमक्या लाल चोचीतून एक कोंब बाहेर आला होता, पिलांसाठी घरट्याकडे काहीतरी घेऊन निघाल्यासारखा!

रमानं एक बोट त्या पोपटावरून फिरवलं.

"हे झबलं आहे."

"हो."

"तुम्ही हे अजून ठेवलं होतंत? आणि माझ्यासाठी... कापलंत?"

"तुझ्या कातडीला दुसरं काही चाललं नसतं गं." प्रमिलानं मान खाली घातली. "चुकलंच माझं. तू नको म्हणाली होतीस. तेव्हाही मी रीत पाळली नाही, आताही तुझा शब्द पाळला नाही."

"तेव्हा त्यांनी माझं ऐकलं होतं!"

प्रभाकर बोलला होता. भिंतीला पाठ लावून उभा होता तो, आणि ह्या खेपेला त्याची नजर थेट बायकोवर होती. "मलमल मी आणली होती, रमा. शिवा म्हणून गळ मी घातली. तू विचारलंस तेव्हा मी भिंतीकडे बघत होतो... आणि अकरा वर्षं भिंतीकडेच बघतोय!"

"भाओजी, गप्प बसा! हीच का वेळ आहे हे..."

"हीच आहे, वहिनी. मागच्या वेळी चुकवली."

रमानं नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती प्रमिलाकडेच पाहत होती. पिकलेल्या केसांकडे, सुईनं भोकं पडलेल्या बोटांकडे. "आणि तुम्ही म्हणालात, माझ्याच मनानं शिवलं."

"तुझं मूल गेलं होतं गं... नवराही तुटला असता, तर तू कुणाचा हात धरून उठली असतीस?"

रमाच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. प्रभाकर घाबरून पाण्याकडे धावला. पण तिला काही झालं नव्हतं. ती हसत होती! डोळ्यांतून धारा, आणि हसू थांबेना!

"आज सातवीला काय शिकवलं माहितीय, वहिनी? बी कशी रुजते! ओलावा हवा, ऊब हवी, हवा हवी, असं फळ्यावर लिहिलं... आणि खरा प्रयोग मी पदराखाली घेऊन उभी होते!"

प्रमिलालाही हसू फुटलं. दोघी जावा एकमेकींचे दंड धरून हसत राहिल्या, आणि हसता हसताच रमाचं डोकं प्रमिलाच्या मांडीवर आलं.

"मी त्या सुईला काय काय बोलले हो! अकरा वर्षं... आणि त्या सुईनं शिवलेलं तर उगवतंय, वहिनी! माझ्या ह्या करपलेल्या जागेवर उगवतंय!"

प्रमिलाची बोटं रमाच्या केसांतून फिरत राहिली. कृष्णकांत डोळे पुसायला अंगणात गेला, आणि रडू झाकायला जरा जास्तच जोर लावून म्हणाला, "चहा टाका!" त्या दुपारी आळीत सात घरी चहा झाला, असं अजूनही सांगतात.

प्रभाकरशी मात्र रमा पुढचे पंधरा दिवस 'दळण आणा' ह्यापलीकडे काही बोलली नाही. त्यानं ते निमूट सोसलं. रोज दळण आणलं, दळायला काही नव्हतं त्या दिवशीसुद्धा.

दुसऱ्याच आठवड्यात तपासणीची तारीख होती. ह्या वेळी रमाबरोबर प्रमिला गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट तपासलं, "छान आहे, कुठे काही नाही," म्हणाल्या, आणि मग प्रमिलानं शिवलेली ती नवी पिशवी हातात घेऊन उलटीपालटी करू लागल्या. तिच्यातली नाचणी रमानं स्वतः भाजली होती. "इतकं अचूक कुठे मिळालं तुम्हाला? काय भरलंय आत?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, डॉक्टर," रमा म्हणाली, "परकं वाटू नये, हळूहळू आपलंच होऊन जावं, असं काहीतरी परदेशात शोधताहेत म्हणून? ह्या माझ्या जाऊबाई. ह्या आमच्या भिंतीपलीकडेच होत्या."

डॉक्टरीणबाईंना ह्यातलं कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी प्रमिलाकडे वळून विचारलं, "माझ्याकडे अशा आणखी आठ जणी आहेत. त्यांच्यासाठी कराल?"

"करीन की! प्रत्येकीचा अंगावरचा एक ब्लाउज पाठवा, न धुतलेला," प्रमिला म्हणाली, आणि घाईघाईनं भर घातली, "आणि नाचणी भाजून घालीन हो!"

गौरी चार दिवसांवर आल्या तेव्हा मधलं दार सताड उघडं होतं. उखडलेली कडी कुणी पुन्हा बसवली नव्हती. खजुराच्या डब्यात लावलेली ती मोड आलेली नाचणी वीतभर वाढून खिडकीत डुलत होती. रमा त्या दारातून आली, जांभळ्या खणाचं कापड तिनं मशीनवर ठेवलं आणि पदर खाली घेऊन समोर उभी राहिली.

"माप घ्या, वहिनी."

"जुना ब्लाउज दे ना. त्यावरून घेते."

"जुना नाही. अंगावरून घ्या."

प्रमिलानं टेप उचलली. कापडाच्या चुण्यांतून वाचलेल्या त्या खळग्यावरून तिची बोटं पहिल्यांदाच गेली, आणि तिथे ती अशी अलगद झाली की टेप ओघळून खाली आली.

"दुखेल गं तुला... जरा सैल घेऊ का?"

"घट्ट धरा!" रमा डोळे वटारून म्हणाली. "सैल माप घेतलंत तर बघा, पुन्हा अकरा वर्षं बोलणार नाही!"

प्रमिलानं टेप घट्ट धरली. पण आकडे काही दिसेनात. दोनदा चष्मा पुसला, तरी दिसेनात. शेवटी रमानंच मान वाकवून आकडा वाचला, आणि जवळ कागद नव्हता म्हणून, शिंपिणीच्या खडूनं, त्या उघड्या दाराच्या फळीवर लिहून ठेवला.